माझ्यामागून म्हण

१२ जानेवारी

गच्चीवरच्या खोलीत आज माणसं आली. एक बाई, तिची सातेक वर्षांची मुलगी, दोरीने बांधलेली एक बॅग. त्यांच्या स्वागताला आमच्या समितीने जमवलेली भिंतीवरची पाच घड्याळं. पाचही बंद. लढाईतून जीव घेऊन पळालेल्या माणसाला आधी वेळ कळायला हवी, असं लोकांना वाटत असावं.

सोफाही आला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दिला. तो जिन्याच्या वळणावर अडकलाय — वर जात नाही, खाली येत नाही. तूर्त कुरिअरवाला त्यावर बसून दम खातो. म्हणजे कुणाचं तरी पुनर्वसन झालं. (हा शब्द सूनबाईचा. तिच्या कागदावर बघून लिहिला, तरी एकदा खोडावा लागला.)

ही माणसं सीमेपलीकडची. तिकडे गावंच्या गावं जळाली. सरकारने आधी त्यांना लांब, पत्र्याच्या मोठ्या छावणीत ठेवलं. मग सरकारला ते जड जायला लागलं. मग म्हणाले, शहरातल्या लोकांनी हातभार लावावा. लावला. हात आमचे, भारही आमचा, आणि पेपरात फोटो त्यांचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

समिती म्हणजे आमचीच इमारत. अध्यक्ष तळमजल्यावरचे कॅशियर. बँकेतून निवृत्त होऊन युग लोटलं, पण अजून समोरच्याकडे काचेच्या खिडकीतून बघितल्यासारखं बघतात. सचिव माझी सून. शाळेत शिकवते, म्हणून जिथे लिहायचं असेल तिथे तिला बसवतात. समितीला नाव काय द्यायचं यावर तीन बैठका झाल्या. खोलीच्या दाराला कडीच नाही हे चौथ्या बैठकीत निघालं.

मला मात्र आनंद झालाय, लिहूनच ठेवते. सकाळी मुलगा-सून कामावर गेले की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि फ्रिज. तो घरघरतो, तेवढंच बोलणं. आता डोक्यावर पावलं वाजतात. फार बरं वाटतं.

१४ जानेवारी

हसत नाही. बोलत नाही. चहा मात्र तळापर्यंत पिते. लक्षण बरं आहे.

१९ जानेवारी

तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. मला म्हणता येईना. मी माझं सांगितलं. तिला म्हणता येईना. शेवटी ती 'वरची' आणि मी 'आजी'. फिट्टंफाट.

मुलीचं मात्र छान चाललंय. सूनबाईने तिला आपल्याच शाळेत घातलं. कॅशियर रोज सकाळी तिला शाळेत सोडतात. मी म्हटलं, बरं करता हो. तर म्हणाले, "मी सोडत बिडत नाही वहिनी. माझा फिरायचा रस्ताच तो आहे." त्यांचा फिरायचा रस्ता आजवर बागेकडे जायचा. शाळा अगदी उलट्या दिशेला.

२ फेब्रुवारी

सूनबाई सेवाकेंद्रातून तोंड पाडून आली. केंद्र म्हणजे बसस्टँडच्या मागचं सरकारी ऑफिस. या लोकांचं सगळं तिथून चालतं. चालायचं म्हणू. आधी तिथला दुभाषी गेला. मग आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरीणबाई महिन्याला यायला लागल्या, मग 'गरज पडल्यास'. आता आपल्या भाषेचा वर्ग बंद. पैसा नाही म्हणे.

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

"ती आहे, आई. परीक्षा कायद्यात आहे. वर्ग कायद्यात नाही."

म्हणजे विहीर बुजवली, पण घागर भरून आणा.

परीक्षा तोंडी असते. ऑफिसरबाईंपुढे बसायचं, आपल्या भाषेत बोलायचं, स्वतःबद्दल सांगायचं. जमलं तर इथे राहायचा आणि काम करायचा परवाना. नाही जमलं तर दोघी मायलेकी परत पत्र्याच्या छावणीत. तिथे शाळा नाही. चौकातला लाँड्रीवाला म्हणालाय, परवाना आणा, उद्यापासून इस्त्रीला उभी करतो. परवान्याशिवाय त्याची इस्त्री गरम होत नाही.

आणि वरचीला आपल्या भाषेतले येतात दोनच शब्द. 'चहा' आणि 'पुरे'. पुरे ती कधी म्हणत नाही ते सोडा.

५ फेब्रुवारी

बैठक. विषय — वरचीला कोण शिकवणार. सगळ्यांनी खूप तळमळ दाखवली. तळमळ दाखवून झाल्यावर एकेकाला आठवायला लागलं, गॅसवर काय काय ठेवलंय.

सूनबाईच्या मागे शाळेच्या वह्यांचा ढीग. तेव्हा कॅशियर म्हणाले, भाषा पायापासून शिकवली पाहिजे, मी व्याकरण घेतो. लगेच घेतलंसुद्धा. फळ्यावर विभक्तीचे प्रत्यय लिहिले. प्रथमा, द्वितीया, तृतीया. चतुर्थीला वरची बसल्या जागी झोपली. पंचमीला मी.

जागी झाले आणि म्हटलं, "मी शिकवते."

मुलगा हसला. "आई, तू चौथी नापास!"

"चौथी पास. पाचवीला नापास. आईबद्दल नीट माहिती ठेवावी."

कॅशियरांनी खिडकीतून बघितल्यासारखं बघितलं. "वहिनी, पण पद्धत काय असेल तुमची?"

"माझी पद्धत अशी, की मला गप्प बसता येत नाही."

ठराव एकमताने मंजूर. दुसरं कुणी नव्हतंच.

९ फेब्रुवारी

शिकवणी सुरू. सकाळची कामं आटोपली की ती खाली येते. मी भाजी निवडते, ती बघते, मग तीही निवडायला लागते. मी एक वाक्य बोलते आणि म्हणते, माझ्यामागून म्हण. ती म्हणते. आम्हाला मास्तरांनी पाढे असेच शिकवले. अर्थ मागून येतो, आधी तोंड वळलं पाहिजे.

पण बोलायचं काय? मला तरी दुसरं काय येतं? जे झालं ते येतं. म्हटलं परीक्षेत स्वतःबद्दलच विचारणार आहेत, तर स्वतःबद्दलचंच शिकवावं. सुरुवातीपासून घेतलं.

"माझा जन्म रेल्वे फाटकाशेजारच्या घरात झाला."

"माझा जन्म रेल्वे फाटकाशेजारच्या घरात झाला."

"माझे वडील फाटक पाडायचे आणि उचलायचे."

तिने तेही म्हटलं, वर हातानेही करून दाखवलं. हुशार आहे.

खरं सांगू का, माझी ही गोष्ट घरात कुणी ऐकून घेत नाही. मुलगा म्हणतो, आई, हे झालंय सांगून. सून ऐकते, पण वह्या तपासता तपासता, आणि मला वाटतं मधूनच मलाही मार्क देते. ही एकटी माझ्या तोंडाकडे बघत बसते. तिला कळत नाही म्हणून बघते, ते मला समजतं. पण बघते!

२१ फेब्रुवारी

आज हसली. पहिल्यांदा.

सासूबाईंपर्यंत आलो होतो. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या, तरी घर तिथूनच चालवायच्या. मी स्वयंपाकघरात किती मीठ घेतलं ते त्यांना आतून वासावर कळायचं. गेल्या त्या दिवशी सगळे भोवती जमले. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, आई, काही सांगायचंय का? सासूबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "दूध उतू जातंय." मी धावले. खरंच जात होतं. दूध उतरवून येते तो त्या गेलेल्या.

हे सगळं मी हावभाव करून सांगितलं. वरचीने तोंडावर पदरासारखा ओढणीचा शेव धरला आणि खांदे हलायला लागले. मग म्हणाली, "दूध उतू जातंय." अगदी सासूबाईंच्या सुरात. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं झाली, तरी हात गॅसकडे गेला.

६ मार्च

सोफा हलवायचं ठरलं. वॉचमन, माझा मुलगा आणि दुसऱ्या मजल्यावरचे असे तिघं खालून रेटत होते. कॅशियर वरच्या पायरीवर उभे राहून हुकूम सोडत होते. जरा डावीकडे. डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. अरे उचला, घासताय काय!

वरची पाण्याची बादली घेऊन वरून आली. वाट मिळेना. थोडा वेळ उभी राहिली, आणि मग शांतपणे म्हणाली, "भाऊ, उंटावरून शेळ्या हाकू नका. हात लावा."

कुणाला हसावं की नाही कळेना. कॅशियर बाह्या सरसावून खाली उतरले. सोफा वळणावरून सुटला. वर नाही गेला, खाली आला, पण सुटला.

सूनबाई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, तुम्ही तिला नेमकं काय शिकवताय?"

"आपली भाषा."

"ही आपली नाही, तुमची आहे."

मी म्हटलं, माझी काय बाहेरून आणली?

१८ मार्च

भाजीवाल्याला म्हणाली, "कालची भाजी आणि आजचा भाव? डोळे आहेत मला." त्याने मुकाट्याने ताजी दिली. मला त्याने आजवर कधी दिली नाही.

२७ मार्च

केंद्राकडून मिळणारी महिन्याची मदतही आता बंद. कारण काय, तर स्थानिक समिती इतकं चांगलं काम करते आहे की सरकारने मध्ये लुडबुड करू नये. आमचं कौतुक केलं आणि हात काढून घेतला.

समितीत हे वाचून दाखवल्यावर सगळ्यांना अभिमान वाटला. पुढच्या बैठकीला चौघं आले. त्यातला एक चुकून आलेला, त्याला पाण्याच्या टाकीची बैठक वाटली होती. नावावरून भांडणारे दोघं तर जिन्यात दिसले की मोबाइल कानाला लावतात. एकाचा कानाशी धरल्या धरल्या वाजला.

उरलो कॅशियर, सूनबाई आणि मी. आता दूध कॅशियरांकडून, किराणा आमच्याकडून, मुलीचं दप्तर-वह्या सूनबाईच्या शाळेतल्या बायकांकडून. चाललंय. कॅशियर म्हणतात, समिती छोटी झाली की निर्णय पटापट होतात. या माणसाला मी उगाच नावं ठेवली. ठेवणार आहेच पुढेही, पण कमी.

११ एप्रिल

वरची आता गोष्ट न अडखळता सांगते. फाटकापासून सुरू होते ती थेट यजमानांपर्यंत. यजमान छापखान्यात जुळारी होते — शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. घरीसुद्धा ताटातले भाताचे दाणे ओळीत लावायचे, इतकी सवय. शेवटची दोन वर्षं खाटेवरच होते. गेले त्या सकाळी चहा दिला. एक घोट घेतला, म्हणाले, "गार आहे." मी तणतणत गरम करायला गेले. परत येते तो हे भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, रुसताय काय, घ्या आता, उकळून आणलाय.

हा भाग वरची फार छान सांगते. माझ्यासारखीच कमरेवर हात ठेवते. उठताना डावा गुडघा धरते. तिचा गुडघा काही दुखत नाही हो, पण धड्यात आहे म्हणून धरते.

मी तिला प्रश्न विचारले, ऑफिसरबाईंसारखे. "स्वतःबद्दल सांगा." सांगितलं. एकदम पाठ. परीक्षेची मला काही धाकधूक नाही. पाचवीला मी नापास झाले, पण माझी विद्यार्थिनी पहिली येणार.

२४ एप्रिल

परीक्षा झाली. काय लिहू!

केंद्रात शुकशुकाट. खुर्च्या रिकाम्या, पंखे चालू. एकच ऑफिसरबाई, त्याच या टेबलावरून उठून त्या टेबलावर जाऊन बसतात, कारण त्या टेबलाचं कामही आता त्यांच्याकडे आणि त्याच्या पलीकडच्याचंही. शिक्का एका टेबलावर, शाई दुसऱ्यावर. मी मनातल्या मनात त्यांचं नाव तिखुर्चीबाई ठेवलं.

वरची आत गेली. मी बाहेर बाकावर. बऱ्याच वेळाने तिखुर्चीबाई दारात आल्या. "यांना कुणी शिकवलं?"

मी ताठ उभी राहिले, गुडघा न धरता. "मी."

"जरा आत या, आजी."

मला वाटलं सत्कार आहे.

आत वरची हात मांडीवर ठेवून बसलेली. बाईंनी समोरचा कागद वाचायला घेतला. "जन्म रेल्वे फाटकाशेजारी. वडील फाटकवाले. वडिलांचं निधन दुपारच्या झोपेत, त्यामुळे चारची गाडी फाटकाशी खोळंबली. सासूचं निधन घरी, दूध उतू जात असताना. पती छापखान्यात जुळारी. पतीचं निधन घरी, चहा गार असल्याची तक्रार करून. डावा गुडघा दुखतो. सून कामाची आहे पण मीठ कमी घालते."

माझं सगळं आयुष्य, सरकारी आवाजात. मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत.

"यांच्या फाइलमध्ये नवरा ट्रकचालक आहे. बेपत्ता. सासूचं काही नाही, गुडघ्याचं काही नाही. आजी, या इतकं चांगलं बोलतात की मला आधी शंका आली, या बाई इथल्याच तर नाहीत? मदत मिळावी म्हणून तिकडच्या झाल्या असतील. तसंही होतं हल्ली."

"नाही हो बाई! ती तिकडचीच आहे. ते सगळं माझं आहे. आयुष्य माझं, बोलणं तिचं. मला दुसरं काही शिकवताच येत नव्हतं."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाल्या, भाषेत पास. पण फाइल आणि बोलणं जुळत नाही, आणि न जुळणारी फाइल वर पाठवली की ती परत येत नाही, माणूस जातो. छावणीत. "पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावते. तेव्हा त्यांनी स्वतःचं सांगायचं. स्वतःचं. पाठ केलेलं नको. ते मला लगेच कळतं."

येताना बसमध्ये वरची खिडकीतून बाहेर बघत होती. तिला वाईट वाटलं असेल म्हणून मीच तिची समजूत घालत होते.

२५ एप्रिल

मुलगा जेवताना हसून हसून ठसकला. सून नाही हसली. तिने भाजीत मीठ नीट घातलं होतं, मी लगेच चाखून बघितलं. ताट पुसून ठेवता ठेवता म्हणाली, "आई, तिचं गाव कुठलं, तिथे काय होतं, हे तिला कधी विचारलंत?"

"विचारणार कसं? तिला बोलता कुठे येत होतं!"

"आणि बोलता यायला लागल्यावर?"

सूनबाई शाळेत मुलांनाही असंच विचारत असणार. मुलं बिचारी.

२९ एप्रिल

आजपासून तिचा धडा. मी म्हटलं, "आता माझं पुरे. तुझं सांग. म्हण — माझे यजमान ट्रक चालवायचे."

"माझे यजमान ट्रक चालवायचे."

"शाब्बास. पुढे?"

भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "पुढे... चहा दिला. म्हणाले, गार आहे."

"अगं, ते माझे!"

मान हलवली. हो म्हणाली. उद्या बघू.

३ मे

काल तेच. आज तेच. ट्रकपर्यंत येते, आणि तिथून वळून माझ्या घरात शिरते. तबकडीची सुई जशी ओरखड्यावरून उडून भलत्याच गाण्यात पडते. पाठांतराचा हा तोटा. एकदा खाचेत बसलं की निघत नाही. मी तिच्यावर थोडी चिडले. तिने चहा करून दिला. गरम होता.

६ मे

कॅशियरांनी उपाय काढला. आपणच तिची एक चांगली हकीकत तयार करू, ट्रक वगैरे घालून, फाइलशी जुळणारी, ती पाठ करेल. त्यांनी सुरुवातही करून आणली. वाचून दाखवली. त्यात वरचीचा नवरा 'कर्तव्यदक्ष' होता आणि 'सीमा ओलांडताना अंतःकरण जड झालं' होतं. वरचीने शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांना म्हणाली, "भाऊ, छान आहे. कुणाचं आहे?"

कॅशियर उठले, कागद घडी करून खिशात घातला. म्हणाले, मी मुलीला बागेत नेऊन आणतो.

८ मे

ही मुलगी शाळेत रमली आहे. काल घरी येऊन म्हणाली, आजी, आमच्या वर्गात माझा नंबर खिडकीशी लागला. छावणीत खिडक्या नाहीत असं सूनबाई म्हणाली होती.

वरचीला म्हटलं, "परवा बाईंपुढे माझी गोष्ट सांगितलीस तर बघ. तुझं तोंड, तुझं सांगणं. मोडकंतोडकं चालेल." तिने गुडघा न धरता उठून दाखवलं. मला वाटतं, तेवढंच वचन.

१० मे

पुन्हा केंद्र. या खेपेला मला आत घेतलं नाही. दार लावून घेतलं. मी बाकावर. कॅशियरही आले होते, 'याच बाजूला काम होतं' म्हणून. त्यांची कामं हल्ली आमच्याच बाजूला असतात.

आतून आवाज येत होता, वरचीचाच. शब्द कळत नव्हते. पण चाल कळते ना. माझी चाल नव्हती ती. मध्ये कुठे हसू नव्हतं, कुठे तणतण नव्हती. एका सुरात, हळू. मी कॅशियरांना म्हटलं, "विसरली वाटतं. चाचपडतेय." ते पायातल्या चपलेकडे बघत होते.

फार वेळ गेला. मग दार उघडलं आणि तिखुर्चीबाई एकट्याच बाहेर आल्या. नळाखाली तोंड धुतलं. मग येऊन आमच्या बाकावर बसल्या, माझ्या शेजारी, ऑफिसर असून.

"झालं, आजी. देतेय परवाना."

मला काय बोलावं सुचेना. हे माझ्याबाबतीत क्वचित होतं. शेवटी विचारलं, "फार अडखळली का?"

"एकदाही नाही."

"बघा! माझी शिकवण."

"हो," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या जरा. "शब्द सगळे तुमचेच होते."

आत जाऊन त्यांनी शिक्का एका टेबलावरून आणला, शाई दुसऱ्यावरून. जाताना सांगितलं की महिनाअखेर केंद्रच बंद होतंय, त्यांचीही तिन्ही टेबलं जाणार. म्हणाल्या, तुमची वरची शेवटच्यांपैकी. बुडत्या बोटीवरून पैलतीरी उतरल्यासारखं वाटलं मला. कॅशियर त्यांना म्हणाले, "आमच्या समितीत या, मॅडम. जागा आहेत." खूप जागा आहेत.

येताना मी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं, ही माझी विद्यार्थिनी. कुणी विचारलं नव्हतं.

१२ मे

लाँड्रीचा आज पहिला दिवस. दुपारी सुटून आली, मला वाळलेल्या चादरी काढायला मदत करत होती. मी म्हटलं, "काय ग, शब्द सगळे येत होते, तर पहिल्याच वेळी आपलं का नाही सांगितलंस? माझा जीव टांगणीला लावलास. मला वाटलं तुला पाठांतर सुटत नाही."

"येत होतं, आजी. तुमचंच सांगायला आवडतं. तुमची सगळी माणसं आपल्या अंथरुणात गेली."

चादरीची दोन टोकं तिच्या हातात होती, दोन माझ्या. घडी घालायची तशीच राहिली.